भिकू म्हात्रेचे हसू

'सत्या' या चित्रपटातली सर्वांत भयंकर गोष्ट कोणती, असे मला कुणी विचारले तर मी भिकू म्हात्रे या मुंबईतल्या टोळीप्रमुखाच्या हसण्याकडे बोट दाखवीन. हा माणूस चित्रपटभर हसत असतो, आपल्यालाही हसवतो आणि हसता हसताच मारला जातो. भिकूचा मालक असलेला राजकारणी भाऊ ठाकुरदास झावळे निवडणूक जिंकला आहे आणि तो आनंद साजरा करायला म्हणून भिकू त्याच्या घरी आला आहे. सोबत टोळीतला कल्लूमामा आहे, वकील मुळे आहे, चेष्टामस्करी रंगात आली आहे. त्या ओघातच भाऊ पिस्तूल काढतो आणि भिकूच्या डोक्यात गोळी घालतो. मरणाऱ्याच्या तोंडी शेवटचा संवाद नाही, मित्राच्या मांडीवर टेकलेले डोके नाही, सूडाची शपथ घ्यायला कुणाला उसंत नाही. ज्याच्या जिवावर आपण इतका वेळ या चित्रपटात रमलो, तो माणूस असा एका क्षणात संपतो आणि त्या खोलीत उरलेल्यांइतकेच आपणही जागच्या जागी थिजून जातो.

या मृत्यूचे मोल कळायला त्याआधीच्या हिंदी चित्रपटांतले गुन्हेगारांचे मृत्यू आठवावे लागतात. १९७५ च्या 'दीवार'मधला विजय देवळात, आईच्या कुशीत प्राण सोडतो आणि त्याच्या साऱ्या गुन्ह्यांवर त्या एका प्रसंगाने मायेचे पांघरूण पडते. १९८९ च्या 'परिंदा'ने मुंबईच्या गुन्हेगारी जगाला पुष्कळच खरेपणाने हात घातला आणि तो चित्रपट मला फार प्रिय आहे, पण तिथेही मरण येते ते थाटामाटाने, पूर्ण तयारीनिशी. 'सत्या'ने ती तयारीच काढून घेतली. ज्या धंद्यात माणूस मारणे हे रोजचे काम आहे, त्या धंद्यात मरणही असेच, बोलता बोलता येत असणार, हे त्याने आपल्या गळी उतरवले. माझ्या मते आपल्याकडच्या गुन्हेगारीपटांत 'सत्या'च्या जवळ जाईल असा दुसरा चित्रपट नाही, आणि त्याचे हे मोठेपण भिकूच्या हसण्यात साठलेले आहे. दिग्दर्शक आपल्याला या माणसांबरोबर हसायला लावतो, त्यांच्या घरात नेऊन बसवतो आणि मग त्या हसण्याचा पुरता हिशेब मागतो.

हा चित्रपट ३ जुलै १९९८ रोजी प्रदर्शित झाला. रामगोपाल वर्मा यांचे दिग्दर्शन, सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांचे लेखन. जेमतेम वर्षभरापूर्वी, १२ ऑगस्ट १९९७ रोजी, अंधेरीत संगीतनिर्माते गुलशन कुमार यांची भर दिवसा गोळ्या घालून हत्या झाली होती. खंडणीचे फोन, सुपारी, टोळीयुद्ध, एन्काउंटर हे शब्द रोज सकाळी वर्तमानपत्राबरोबर घरात येत होते. त्या काळात मुंबईत राहणाऱ्या माणसाला पडद्यावरची भीती परकी वाटण्याचे कारण नव्हते. परके वाटले ते एवढेच, की ज्यांची भीती वाटायची ती माणसे अशी असतात हे कुणी दाखवले नव्हते. टोळीतली ही पोरे चहा पितात, एकमेकांची टर उडवतात, बायकोचा फोन आला की आवाज खाली करतात आणि त्याच सपाट स्वरात कुणाचा तरी निकाल लावायचे ठरवतात.

मराठी प्रेक्षकाला यात आणखी एक गोष्ट टोचत राहते, निदान मला तरी टोचते. या चित्रपटात ज्याच्या नावावर तो आहे तो सत्या, भिकूचा मित्र आणि टोळीतला साथीदार, कुठून आला, त्याचे गाव कोणते, मागे कोण आहे, यातले काहीच सांगितले जात नाही. तो आगगाडीतून उतरतो आणि मुंबईच्या गर्दीत मिसळतो. मात्र ज्या जगात तो येतो, ते जग मराठी नावांनी भरलेले आहे. गुन्हेगार म्हात्रे, राजकारणी झावळे, वकील मुळे, इन्स्पेक्टर खांडिलकर. पाठलाग करणारा आणि पळणारा, कट रचणारा आणि त्या कटात मरणारा, सगळे एकाच मातीतले. भिकू या धंद्यात कसा आला हे चित्रपट सांगत नाही, आणि मला वाटते ते आपल्याला सांगावेही लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, संप चिघळत गेला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांतला पगार कायमचा थांबला. त्या घरांतली बहुतेक मुले मिळेल ते काम करीत प्रामाणिकपणे जगली. काही मोजकी मुले मात्र टोळ्यांच्या हाताला लागली. भिकू त्यांतलाच, असे म्हणायला चित्रपटात पुरावा नाही. तरीही त्याच्या बोलण्यातली धग, त्याची ती मिजास आणि तिच्या आत दडलेला अपमान पाहताना मला दर वेळी ती बंद पडलेली धुराडी आठवतात.

मनोज बाजपेयी हे बिहारच्या चंपारण्यातून आलेले नट. भिकूच्या बोलण्याची लकब त्यांनी आपल्याकडे स्वयंपाक करणाऱ्या कोल्हापूरकडच्या माणसावरून उचलली, असे त्यांनी सांगितले आहे. ती लकब कानाला कुठेही खोटी लागत नाही. पण त्याहून मोलाचे आहे ते त्यांनी भिकूच्या शरीराला दिलेले चांचल्य. हा माणूस एका जागी स्वस्थ बसू शकत नाही. चिडला की त्याचा चेहरा एकदम कोवळा, रडवेला होतो, आणि खूश झाला की तो समोरच्याला मिठीतच घेतो. तुरुंगात सत्याशी त्याची पहिली गाठ पडते ती मारामारीतून. हा नवखा पोरगा आपल्याला घाबरत नाही हे पाहून त्याला राग येण्याऐवजी कौतुक वाटते आणि इथून त्यांची मैत्री सुरू होते. या भूमिकेसाठी बाजपेयी यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सहाय्यक' हे कागदावर ठीक आहे. चित्रपटाचे नाव सत्याचे असले तरी त्याचे रक्त भिकूच्या अंगातून वाहते.

आणि भिकूचे घर. या चित्रपटाने आपल्याला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हे घर, असे मी मानतो. शेफाली शाह यांनी केलेली प्यारी मोजक्याच प्रसंगांत दिसते, पण ती दिसते तेव्हा घर भरून जाते. तुरुंगातून सुटलेला नवरा घरी येतो. त्याच्यासाठी आरती ओवाळली जाईल किंवा डोळ्यांत आनंदाश्रू येतील, अशा अपेक्षेने आपण पाहत असतो, आणि प्यारी त्याला फैलावर घेते. ती तोंडाला येईल ते बोलते, तो चिडतो, हात उगारला जातो, आणि पाहता पाहता त्याच भांडणातून लाडीगोडी सुरू होते. या प्रसंगावर प्रेक्षक हसतात, मीही हसलो आहे, आणि त्या उगारलेल्या हातामुळे मला दर वेळी अस्वस्थही वाटले आहे. बाहेर माणसे मारणारा हात घरात आल्यावर आपोआप मऊ होत नाही, हे दिग्दर्शकाने लपवलेले नाही. त्याच वेळी प्यारी ही मुकाट्याने सोसणारी बाई नाही. ती आवाज चढवते, अडवते, टोमणे मारते, आणि गावावर दरारा असलेला हा माणूस तिच्यापुढे शब्द शोधत राहतो. नवऱ्याचा धंदा काय आहे हे तिला पक्के ठाऊक आहे. तिने त्या धंद्यासकट हा संसार पत्करला आहे आणि या तडजोडीची किंमत कधी ना कधी मोजावी लागणार, हेही तिच्या डोळ्यांत कुठेतरी दिसते. शेफाली यांना या भूमिकेसाठी फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला. इतक्या थोड्या वेळात एवढे उभे करणारी अभिनेत्री त्या वर्षी दुसरी नव्हती, असे मला मनापासून वाटते.

भिकूच्या तोंडची एक आरोळी आज सगळ्यांना पाठ आहे. खडकावर उभा राहून तो विचारतो की मुंबईचा राजा कोण, आणि आपणच आपले नाव घेतो. १७ जानेवारी २०२५ रोजी 'सत्या' पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा मी तो पाहायला गेलो होतो आणि त्या प्रसंगाला सभागृहातल्या अर्ध्याअधिक लोकांनी भिकूबरोबर ती ओळ म्हटली. त्यांच्या उत्साहाबद्दल माझी तक्रार नाही. इतक्या वर्षांनी एखादे पात्र लोकांच्या जिभेवर असणे ही साधी गोष्ट नव्हे. पण ती ओळ टी-शर्टवर छापली जावी, विजयाची घोषणा म्हणून वापरली जावी, याचे मला खरेच वाईट वाटते. त्या प्रसंगात नेमके काय आहे ते पाहा. गुरु नारायण या प्रतिस्पर्ध्याला हात लावायचा नाही, असे भाऊने बजावलेले आहे. भाऊला निवडणुकीच्या तोंडावर रक्तपात नको आहे, आणि हातात आलेला शत्रू केवळ एका हुकमावरून सोडून द्यावा लागला म्हणून भिकू आतून जळतो आहे. शेवटी सत्याच्या सांगण्यावरून तो हुकूम मोडतो आणि गुरु नारायणचा काटा काढतो. त्या भरात तो खडकावर उभा राहून ओरडतो. म्हणजे ही आरोळी राजाची नाही, मालकाचा शब्द पहिल्यांदाच झुगारलेल्या नोकराची आहे. ऐकायला समोर समुद्र आहे, शेजारी एक मित्र आहे. विचारणारा तोच आणि उत्तर देणाराही तोच. या शहराचे खरे मालक त्या वेळी कुठेतरी घरात बसलेले आहेत आणि त्यांनी ही आगळीक मनात टिपून ठेवली आहे. भिकू मरतो तो याच दिवशी. गोळी लागायला पुढे थोडा वेळ जातो, इतकेच.

म्हणून पुन्हा ते हसू. भाऊच्या घरी भिकू हसत असतो, कारण आपली चूक पोटात घातली गेली, असे त्याला वाटते. गोविंद नामदेव यांनी साकारलेला भाऊही हसत असतो. ते हसू कसे आहे हे आपल्याला कळत नाही आणि भिकूलाही कळत नाही. आयुष्यभर माणसे पारखणाऱ्या भिकूला आपल्याच मालकाचे हसू वाचता येत नाही. सगळ्यांनी मिळून हसणे हा या टोळीचा आपलेपणाचा करार होता. त्या कराराच्या आडूनच गोळी येते.

भिकूच्या मृत्यूइतकाच मला हादरवणारा प्रसंग चित्रपटगृहातला आहे. सत्या आपल्या प्रेयसीला, विद्याला घेऊन 'बॉर्डर' पाहायला जातो. ज्याच्या चेहऱ्यावर सत्याने पूर्वी वस्तऱ्याने वार केला होता, तो पक्या त्याला तिथे पाहतो आणि पोलिसांना खबर देतो. पोलीस बाकीचे दरवाजे बंद करून एकाच दाराने प्रेक्षकांना बाहेर सोडू लागतात. विद्या शेजारी आहे, तिला काही ठाऊक नाही, आणि सुटण्याचा मार्ग उरलेला नाही. सत्या गोळी झाडतो. कुणाला लागावी म्हणून झाडलेली नसते ती. फक्त आवाज व्हावा म्हणून झाडलेली असते. आवाज होतो, लोक जिवाच्या आकांताने दाराकडे धावतात, आणि त्या रेटारेटीत सत्या विद्येला घेऊन निसटतो. चेंगराचेंगरीत सापडलेली माणसे मागे राहतात.

हा प्रसंग मी पहिल्यांदा १९९८ साली भरलेल्या चित्रपटगृहात पाहिला आणि तो तसाच पाहायला हवा, असे माझे ठाम मत आहे. कारण पडद्यावरही एक भरलेले चित्रपटगृह असते. तिथले लोक युद्धपटातल्या गोळ्या सुखाने पाहत बसलेले असतात, जसे आपण मघापासून भिकू आणि सत्याच्या गोळ्या सुखाने पाहत होतो. मग त्या अंधारात एकच खरी गोळी सुटते आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे काय होते ते दिसते. तोवर या चित्रपटात जे मेले ते बहुतेक या ना त्या नात्याने धंद्यातले होते, त्यांच्या मरणाला काहीतरी कारण जोडता येत होते. इथे चेंगरले गेलेले लोक तिकीट काढून आलेले होते, आपल्यासारखेच. त्या दिवशी मी बसल्या जागेवरून बाहेर जायचे दार कुठे आहे ते मान वळवून पाहिले होते, आणि माझ्या शेजारच्या अनोळखी गृहस्थांनीही तेच केले होते. सत्यालाही हे मरण पचत नाही. आतापर्यंत निर्विकार राहिलेला हा माणूस इथून पुढे ढासळत जातो आणि भिकू त्याला दुबईला पाठवायची तजवीज करू लागतो.

चित्रपटात उणिवा आहेत आणि त्या मला दिसतात. विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि गुलजार यांचे शब्द सुंदर आहेत, पण सत्या आणि विद्या यांची प्रेमगीते आली की चित्रपटाची पकड सैल होते. टोळीने दारूच्या नशेत कल्लूमामाभोवती घातलेला धिंगाणा मात्र कथेतून उगवलेला आहे, कारण त्यात ही माणसे आणखी उलगडतात. सत्याचे पात्र कोरे आहे, ही तक्रार मात्र मला मान्य नाही. जे. डी. चक्रवर्ती यांचा तो थंड, जवळजवळ मख्ख चेहरा नसता तर भिकूचे पेटणे आणि विझणे एवढे उठून दिसले नसते. संदीप चौटा यांचे पार्श्वसंगीत आणि जेरार्ड हूपर व मझहर कामरान यांचे छायांकन यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मी एवढेच म्हणेन, की पावसाळ्यातल्या मुंबईचा तो ओला, कोंदट उजेड इतका खरा मी तोवर हिंदी पडद्यावर पाहिला नव्हता.

शेवटाकडे सत्या भाऊला मारतो तो गणेश विसर्जनाच्या गर्दीत. गुलालाने माखलेली माणसे, ढोल, समोर गणपतीची मूर्ती आणि तिच्यापुढे हात जोडून उभा असलेला भाऊ. इथे सत्या सुरा वापरतो. मुंबईत आल्यावर त्याने पहिला वार केला तो वस्तऱ्याने, आणि शेवटचाही पात्यानेच. मधल्या काळात भिकूने दिलेले पिस्तूल त्याच्या हातात होते, ते भिकूबरोबर गेले. दिग्दर्शकाने हे मुद्दाम योजले की सहज घडले, कोण जाणे, पण मला ते फार अर्थपूर्ण वाटते. मैत्रीतून मिळालेले सगळे गळून पडले आहे आणि आगगाडीतून उतरला होता तसाच तो पुन्हा एकटा झाला आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत जो वाढला, त्याला हा प्रसंग पाहताना अंगावर काटा आल्याशिवाय राहत नाही. त्या गर्दीत आपण कितीतरी वेळा खांद्याला खांदा लावून उभे राहिलो आहोत आणि शेजारचा माणूस कोण आहे हे कधी विचारलेले नाही.

उरते ती विद्या. ऊर्मिला मातोंडकर यांच्या या भूमिकेला अनेकांनी भोळी, कथेला टेकू म्हणून आणलेली ठरवले. मला तसे वाटत नाही. गायिका होण्यासाठी धडपडणाऱ्या या मुलीला मिळालेली संधी सत्याने संगीतकाराला धमकावून मिळवून दिलेली असते आणि तिला त्याचा पत्ता नसतो. इन्स्पेक्टर खांडिलकर तिच्या घरी येऊन सत्या कोण आहे हे सांगतो, तेव्हा तिच्या हातून प्रियकर जातो आणि आपल्या गळ्यावरचा विश्वासही जातो. आपण गायलो ते चांगले गायलो म्हणून, की कुणाच्या कानशिलाला पिस्तूल लागले म्हणून, हे तिला आता कधीच कळणार नाही. इतका मोठा घाव चित्रपटातल्या दुसऱ्या कुणा जिवंत माणसाला झालेला नाही. मग जखमी सत्या तिच्या दाराशी येतो, दार ठोठावतो, विनवण्या करतो, आणि ती उघडत नाही. त्याला मरताना पाहून मला वाईट वाटते, दर वेळी वाटते. तरी तिने ते दार उघडले असते, त्याला क्षमा केली असती आणि त्याचे डोके मांडीवर घेतले असते, तर मी 'सत्या' दुसऱ्यांदा पाहायला गेलो नसतो.